मागं बसणाऱ्याचं मीटर

उस्ताद रिकामी गाडी चालवायचे नाहीत. एवढं सांगितलं तरी त्यांची निम्मी ओळख झाली.

जलमभर ट्रक चालवला त्यांनी. सिल्लोडकडून कापसाच्या गाठी भरायच्या, लांब कुठंतरी नेऊन उतरवायच्या, आन येताना माल भेटल्याबिगर गाडी वळवायची नाय. माल नसला तर तिथंच ढाब्यावर बाजंवर पडून राहायचे. ट्रकचा मालक फोनवर बोंबलायचा, तसेच या म्हणून. हे म्हणायचे, "खाली गाडी उछलती. मेरेकू खाली गाडी चलानेकू नै आती." ट्रकवाल्यांत ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात. तेच नाव गल्लीत पडलं. खरं नाव काय व्हतं ते म्या कधी इचारलं नाय.

मंग वय झालं, ट्रक सुटला. राहिली एक जुनी मोटारसायकल. आता मोटारसायकलीला माल कुठून आणावा? तर दूध आणायला निघाले की कुणाचं दळण पुढं टाकीवर घ्यायचे. औरंगपुऱ्यात औषधाला निघाले की नाक्यावर उभं राहून, "कोई आता क्या औरंगपुरा?" असं पुकारायचे, जसं काय काळी-पिवळीच हाय. कोणी नाय आलं तर गाडी घरी लावायचे आन पायी जायचे. लोक हसायचे. ते हसणाऱ्यालाच बसवून न्यायचे.

आम्ही त्यांच्या खालच्या खोलीत भाड्यानं राहत व्हतो. पैठणकडून आलो, नवरा कंपनीत लागला, कंपनी बंद पडली. मंग त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाबी गेली. पोरी दोन्ही नांदत व्हत्या. त्यांच्या दारात जायचं नाय, हे म्या मनाशी ठरवून टाकलं. मला शाळा दुसरीपतोर. आकडे येतात, अक्षराला अडखळते. हाताला एकच काम चांगलं येत व्हतं, भाकर. बीड बायपासला एक खानावळ व्हती, तिथं दुपारी ज्वारीच्या भाकरी लागायच्या. मालकाची एकच अट, गरम आली पायजे. म्या पहाटं उठून नवऱ्याचं सगळं करायची, त्याला कुशीवर वळवून ठेवायची, मंग परातीला बसायची. टोपली डोक्यावर घेऊन नाक्यावर जायची. रिक्षा सहा माणसं भरल्याबिगर हलत नसे.

एक दिवस उस्तादांनी जिन्यापाशी अडवलं.

"बाई, क्या है इसमें?"

"भाकरी."

"कुठं चालल्या?"

"बायपासला."

त्यांनी टोपली माझ्या डोक्यावरून उचलली, दोन्ही हातांवर तोलली. अन् तोंड असं खुललं त्यांचं, लेकराला पेढा दिल्यावाणी. म्हणले, "अरे, ये तो माल है!"

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनीच न्यायला घेतलं. म्या भाड्याचं इचारलं तर राग आला त्यांना. "दोन भाकरी दे. गरम. एक ठेचा लावून."

निघायच्या आधीची त्यांची तऱ्हा बघायची. खाली यायचे, "लोड हुआ?" इचारायचे. मंग गाडीभवती एक चक्कर मारायची, दोन्ही टायरला लाथ घालायची. टोपली टाकीवर बांधायची ती ट्रकच्या गाठीनं, एका झटक्यात सुटंल पर आपोआप कधी नाय. मंग उजव्या पायातली चप्पल काढून माझ्या हातात द्यायची. व्हय, एकच. ट्रकमदी उजवा पाय उघडा ठेवून चालवायची सवय. म्हणायचे, पायाच्या कातडीला पेडल कळतं, चपलेला काय कळतं? मंग बिस्मिल्ला म्हणून किक. म्या मागं एका अंगाला, डावीकडं तोंड करून बसलेली, एका हातानं सीटची दांडी धरलेली अन् दुसऱ्या हातात त्यांची ती चप्पल. बायपासपतोर असंच. सिग्नलला लोक बघायचे. पहिल्यांदा लाज वाटली. मंग म्या म्हणलं, लाजून भाकर गरम राहती का?

गाडीला मीटर व्हतं, कंपनीचं, गोल, काचंत वाफ धरलेलं. काटा मेलेला. गाडी उभी असू दे की पळू दे, काटा चाळिसाच्या जरा खालीच. त्याची तार उस्तादांनी कवाच काढून घेतलेली. मोरी तुंबली की ती तार कामाला यायची, आमच्याबी अन् त्यांच्याबी. एकदा म्या इचारलं, "उस्ताद, मीटर दुरुस्त कामून करत नाय?"

"जिसकू कान नै, उसकू मीटर," असं म्हणले. "इंजिन बोलतं बाई. पहिल्या गेरमें रोता, दुसऱ्यात बडबडता, तिसऱ्यात गाता. चौथ्यात चुप बैठके काम करता. त्याच्याशी बोलत राहायचं, बस. ट्रकमदी मीटर कवा चालत व्हतं?"

खरंच व्हतं ते. त्यांच्या मागं बसलं की पोटातलं पाणी हलायचं नाय. डोळे रस्त्यावर, कान इंजिनात. एकदा मधीच थांबले, खाली वाकले, म्हणले, "चेन आज नाराज है." घरी येऊन बघितली तर एक कडी निघायला आलेली.

अन् ज्या इंजिनाचं ऐकत जलम काढला त्यानंच त्यांचे कान खाल्ले. ट्रकचं इंजिन पायाशीच असतं ना. तीस-चाळीस वर्षं ते कानात ओरडलेलं.

किती खाल्ले ते घरच्यांच्या आधी मला कळलं, कारण म्या मागं बसत व्हते. गाडी दुसऱ्या गेरात किंचाळायची, पार फाटायची, तरी हे गेर टाकायचे नाहीत. कवा चौथ्यात टाकून चढावर न्यायचे, गाडी घुसमटून थरथर करायची, ह्यांना पत्ता नाय. म्या एक दिवस खानावळीच्या दारात उतरल्यावर तोंडासमोर जाऊन मोठ्यानं म्हणलं, "उस्ताद, तुम्हाला ऐकू येत नाय."

"कायकू चिल्लाती? येतं मला."

"मंग आत्ता वाटंत इंजिन काय म्हणत व्हतं?"

त्यांनी गाडीच्या आरशात बघून दाढी नीट केली. मंग हळूच म्हणले, "काय म्हणत व्हतं?"

"रडत व्हतं."

तवा तिथंच ठरलं आमचं. त्यांच्या लेकीला सांगायचं नाय. त्यांची लेक म्हणजे मास्तरीण, शाळेत शिकवती, त्यांच्यासंगं वरच्या मजल्यावर राहती. आई लहानपणी गेलेली, बापावर लई जीव. तिला वाटायचं, जरा कमी ऐकू येतं, म्हणून तिनं कानात घालायचं मशीन आणून दिलं व्हतं. पर गाडीवर वारं लागलं की त्याच्यात शिट्ट्या वाजायच्या, म्हणून उस्ताद ते फक्त जेवताना घालायचे. मंग ठरलं असं, की ऐकायचं म्या. पाठीवर एक थाप म्हणजे गेर बदला. दोन थापा म्हणजे हळू. बुक्की म्हणजे ब्रेक. इंजिनाचं रडणं, बडबडणं, गाणं, एवढ्या दिवसांत मलाबी कळायला लागलं व्हतं. दोघांत मिळून एक ड्रायव्हर झाला. बरेच महिने चाललं. मला तर वाटाया लागलं की असंच चालतंय.

पर चौथा गेर गप असतो. ते इसरलो आम्ही.

बायपासचा एक तुकडा नवा केला, सिमेंटचा, गुळगुळीत. गाडी चौथ्यात, आवाज नाय, खड्डा नाय, हादरा नाय. मला वाटलं निवांत चाललोय. पूर्वी उस्तादांना टायरचा आवाज ऐकून कळायचं म्हणे, किती पळतीय ते. मला टायरचं कुठलं कळायला? अन् पुढं एक नवं गतिरोधक, त्याला पांढरा पट्टा मारलेला नाय. म्या बुक्की घातली तवर आम्ही वर उडालो. गाडी आडवी झाली. उस्ताद घासत गेले, म्या बाजूच्या मातीत. टोपलीची गाठ नाय सुटली, पर टोपलीच फुटली. सगळ्या भाकरी रस्त्यावर, चंद्रावाणी पसरल्या. मागून येणारा टेम्पो थांबला, त्यातला माणूस म्हणला, "आजी, भाकरी राहू द्या, तुम्हाला लागलंय." माझा डावा हात कोपरात मोडला व्हता. म्या आधी उस्तादांची चप्पल शोधली, मंग उठले.

दवाखान्यात लेक आली. बापाच्या गुडघ्याचं, तळव्याचं सोललेलं बघितलं, माझा हात बघितला. आरडाओरडा केला नाय तिनं. उस्तादांच्या खिशात हात घालून चावी काढली अन् पर्समदी टाकली.

"अब्बा, बस झालं. मला एकच बाप हाय."

उस्ताद तोंडाकडं बघून ओठ वाचायचे. म्हणले, "बाईचा माल कोण नेणार?"

"मावशी रिक्षानं जाईल."

मावशी रिक्षानं गेली. प्लास्टर घातलेल्या हातानं भाकरी थापता येत नाय, म्हणून शेजारणीला संगं घेतलं, एका हातानं भाजल्या, पर एक दिवस खाडा केला नाय. नाक्यावर रिक्षा भरायची वाट बघत उभी राहायची. भाकर फडक्यात घाम सोडायची, मऊ पडायची. खानावळवाला भला माणूस, पर धंद्याचा. एक दिवस म्हणला, "बाई, तुमच्या हाताला तोड नाय. पर गिऱ्हाईक भाकर मोडून बघतं अन् ताट परत सारतं. पुढल्या महिन्यापासून म्या दुसरीकडून घेतो. वाईट वाटून घेऊ नका."

"महिना संपायला टाइम हाय ना?" म्या म्हणलं.

"हाय की."

"मंग बघू."

घरी आले ती तशीच वर गेले. उस्ताद खिडकीत बसलेले, खाली गाडी लावलेली तिच्याकडं बघत. म्या समोर बसले अन् ओठ मोठे करून म्हणलं, "उस्ताद, मीटर बसवा."

त्यांनी असं बघितलं जसं काय म्या त्यांना कुबडी आणून दिली. तोंड फिरवलं. म्या उठून पुन्हा त्यांच्या तोंडासमोर गेले. "चौथ्या गेरात माझ्या कानाला कळत नाय. आकडा दिसला तर कळंल. तुमच्या इज्जतीपायी मपली खानावळ जाऊ द्यायची का?"

खिडकीतून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाय, तिसऱ्या दिवशीबी नाय. भाकरीबी घेतली नाय. मंग एका सकाळी मोरी तुंबली म्हणून तार मागायला गेले तर म्हणले, "तार नै देता. तार मिस्त्रीकू दिखानेकू लगती." पायात दोन्ही चपला घातलेल्या. "चल."

चावी नव्हती. गाडी ढकलत नेली आम्ही. म्या एका हातानं, ते लंगडत. मिस्त्रीचं दुकान दोन गल्ल्या सोडून. मिस्त्री लई बोलका माणूस. म्हणला, "चाचा, ह्या गाडीचं कंपनीचं मीटर आता येत नाय. बाहेरचं टाकू. बघा, डिजिटल." डबीतून काढून दाखवलं, काळं तोंड अन् बटण दाबलं की निळे आकडे, हे एवढाले. मला चष्म्याबिगर दिसले. जुन्या मीटरला तारेनं चाक फिरवायचं, ह्याला तसलं काय नाय. पुढच्या चाकात लोहचुंबकाचा एक खडा चिकटवायचा, जवळ एक बोटाएवढा सेन्सर लावायचा. खडा त्याच्यापुढून गेला की तो एक फेरा मोजतो. उस्तादांनी तार खिशात घातली. "मंग हे कशाला आणलं म्या," म्हणले.

मिस्त्रीनं जुनं गोल मीटर काढलं, त्याच्या जागी नवं बसवलं, वायरी जोडल्या, चावीच्या जागी स्वतःच्या दोन वायरी अडकवून गाडी चालू केली. "मारा एक चक्कर, गल्लीतच." म्या मागं बसले. उस्ताद निघाले. वीस पावलं गेलो असू, ते खाली आकड्याकडं बघाया लागले, अन् गाडी सरळ केळीच्या गाड्यावर. केळीवाला, "ए चाचा, ए चाचा!" ओरडतोय, ह्यांना कुठलं ऐकू येतं. म्या बुक्की घातली. पुढचं चाक गाड्याच्या लाकडाला टेकून थांबलं. दोन केळं पडली, बाकी काय नाय.

उस्ताद खाली उतरले. लाल झाले व्हते. म्या म्हणलं, संपलं आता, आता हे मीटर काढून गटारात टाकतील. पर ते तिथंच उभे राहून इचार करत व्हते. मंग गाडी वळवून मिस्त्रीपाशी आणली.

"ये इधरसे निकाल."

"कायकू चाचा? चांगलं चाललंय की."

"आजतक मेरी आँख रास्तेपे, अन् कान इंजनमें. कान गेले. आता राहिले फक्त डोळे. ते बी तू मीटरमदी घालतो?" मंग माझ्याकडं बोट केलं. "इसकू दिखना. मेरेकू नक्को."

मिस्त्री हसाया लागला. "चाचा, मीटर चालवणाऱ्यासाठी असतं. मागं बसणाऱ्याला मीटर मी कधी बसवलं नाय."

"चलाता मैं कहाँ? चलाती तो ये है."

मिस्त्रीचं हसू थांबलं नाय, पर हात चालू झाले. म्या बसते डावीकडं तोंड करून, पाय एका अंगाला. मला समोरचं मीटर दिसतच नाय, मधी उस्तादांची पाठ. म्हणून मिस्त्रीनं डाव्या हँडलच्या आरशाखाली एक पट्टी काढली, तिच्यावर मीटर बसवलं अन् तोंड मागं वळवलं, माझ्याकडं. "आजी, दिसतंय का?" "वर घे." "आता?" "जरा मपल्याकडं." "आता?" "आता चष्म्यात बसलं बघ."

मंग टायरची भानगड निघाली. मिस्त्री म्हणला, ह्या मीटरला चाक किती मोठं ते सांगावं लागतं, नाहीतर ते खोटं बोलतं. तो टायरवरचे आकडे वाचून बटणं दाबाया लागला तर उस्तादांनी हात धरला. "लोडमदी टायर बसतं. खाली गाडी का नाप नक्को."

"चाचा, तेवढ्यानं काय फरक पडतोय?"

"तेरी गाडी में नै पडता. मेरी में माल रहता."

झालं. मला बसवलं मागं, प्लास्टरसकट. ते स्वतः पुढं बसले. टोपली नव्हती, तर मिस्त्रीकडचे ऑइलचे डबे एका पोत्यात भरून टाकीवर ठेवायला लावले. एक डबा उचलून बघितला, "भाकरी इससे भारी." आणखी दोन घालायला लावले. मिस्त्रीनं खडूनं टायरवर रेघ मारली, तिच्याखाली रस्त्यावर रेघ मारली, अन् आम्हाला असं वरातीवाणी पुढं ढकललं, चाकाचा एक पूर्ण फेरा होईपतोर. तिथं दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर टेपनं मोजलं, तेच मीटरात घातलं. केळीवाला, चहावाला, सगळी गल्ली गोळा झालेली. कोणीतरी म्हणलं, "चाचा, मावशीचं वजन करता का?" उस्तादांना काय ऐकू आलं नाय, पर लोक हसतात म्हणून तेबी हसले.

संध्याकाळी लेक शाळंतून आली. उस्तादांनी तिला हाताला धरून गाडीपाशी नेलं, मीटर दाखवलं. तिनं बघितलं, गाडीवर बसून बघितलं. "अब्बा, हे उलटं बसवलंय."

"सुलटं हाय बेटी," म्या म्हणलं, अन् सगळं सांगितलं. थापांचंबी सांगितलं. लपवून काय उपेग? ती माझ्या प्लास्टरकडं बघत ऐकत व्हती.

"मावशी, तुम्हाला हात मोडून घ्यायची हौस हाय का?"

"हौस नाय. खानावळ हाय."

"अन् उद्या तुमची नजर चुकली तर?"

"म्या भाकर भाजते. नजर चुकली तर भाकर जळती. कवा जळकी बघितली का?"

तिनं पर्स उचलली अन् वर गेली. आठवड्याच्या शेवटी म्हणली, "रविवारी मी स्कूटीवर मागं येते. एकदा बघते. तेवढ्यात काय चुकलं तर गाडी भंगारात देते, मंग दोघांनी मला काय म्हणायचं नाय." चावी दिली तिनं, पर मूठ उघडायला येळ लावला.

थंडीचे दिवस व्हते, अन् त्या साली थंडी दुपारीबी हाडातून जात नव्हती. लेकीनं बापासाठी जाडजूड कोट आणलेला, आत कापूस भरलेला. हेल्मेट घातलं, कोट घातला, गळ्यापतोर चेन ओढली. उस्तादांनी टायरला लाथा घातल्या, टोपली बांधली, चप्पल माझ्याकडं दिली. लेक मागून बघत व्हती, म्हणून त्यांनी मान जरा जास्तच ताठ ठेवली.

निघालो. पंचवीस. तीस. आकडा निळा, टपोरा. एक थाप दिली, गेर बदलला. चांगलं चाललं. बायपासला लागलो, चाळीस. म्या दोन थापा दिल्या, हळू. आकडा चाळीसच. पुन्हा दिल्या. बेचाळीस. म्या म्हणलं ह्यांना काय झालं? जोरात मारल्या. काय नाय. तवा ध्यानात आलं, कोट! त्या कापसात माझा हात गादीवर पडल्यावाणी पडत व्हता. समोर तेच गतिरोधक दिसाया लागलं. बुक्की घातली, दुसरी घातली. आकडा बेचाळीसच. ओरडून काय उपेग. मागं लेक. म्या चप्पल मांडीखाली दाबली, अन् प्लास्टरच्या हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं त्यांची कॉलर धरली अन् मागं ओढली, गावाकडं पळत्या बैलाचा कासरा ओढायची तशी. गळा आवळला त्यांचा. ब्रेक लागला. गाडी गतिरोधकाच्या अलीकडं थांबली, जरा वाकडी, पर उभी.

मागं स्कूटी थांबली. लेकीचा चेहरा पांढरा. "बघितलं मी," म्हणली. "सगळं बघितलं. चावी द्या."

उस्तादांनी हेल्मेट काढलं. गळा चोळला. माझ्याकडं बघितलं, "काय झालं?"

म्या त्यांच्या पाठीवर कोटावरून थापा मारून दाखवल्या. मंग कोट वर करून सदऱ्यावरून मारल्या.

त्यांना लगेच कळलं. तिथंच, रस्त्याच्या कडंला, त्या वाऱ्यात, चेन ओढून कोट काढला. आतलं स्वेटरबी काढलं. अंगात पातळ पांढरा सदरा राहिला, त्याच्यातून पाठीचा कणा दिसत व्हता. कोट अन् स्वेटर लेकीच्या हातात दिलं.

"अब्बा, निमोनिया होईल!"

"मीटर आता बरोबर हाय. हे कोट मीटरच्या मधी आलं व्हतं." अन् गाडीवर बसून माझी वाट बघाया लागले. लेक चावीकडं बघत व्हती. चावी गाडीलाच. दोन पावलं टाकली असती तर काढता आली असती. तिनं नाय काढली. म्हणली, "खानावळीपर्यंत. फक्त."

म्या बसले. आता एक थाप दिली की पाठीचा मणका लगेच हलायचा, हो म्हणल्यावाणी. पस्तीस. अडतीस. दोन थापा. तेहतीस. गतिरोधक आलं, बुक्की, वीस, दहा, टोपलीला हादराबी नाय. सगळ्या वाटंनं त्यांची पाठ थंडीनं कापत व्हती, मला हाताला कळत व्हतं. पर हँडल कापलं नाय. लेक मागंच व्हती, लई जवळ नाय, लई लांबबी नाय.

खानावळवाल्यानं फडकं उघडलं, वाफ आली. भाकर मोडून तोंडात टाकली, टोपली आत नेली. दुसरी बाई बघायचं त्यानं पुन्हा कवा काढलं नाय.

लेकीनं बापाच्या अंगावर कोट टाकला अन् चावी काढून घेतली. उस्तादांचं तोंड पडलं. तिनं चावी माझ्या हातात ठेवली.

"मावशी, ही तुमच्यापाशी राहील. अब्बांना एकट्यांना गाडी द्यायची नाय. तुम्ही बसणार असाल तेव्हाच. अन् तुम्हाला वाटलं नको, तर नको. माझ्याकडं कैफियत घेऊन यायचं नाय त्यांनी." मंग बापाकडं वळून ओठ मोठे करून सांगितलं, "रोज मावशीकडं मागायची. कळलं?"

"ये तो मालकीण हो गयी," उस्ताद म्हणले.

पुढं बरेच हिवाळे, उन्हाळे आम्ही तसंच गेलो. नवरा गेला तरी भाकरी थांबल्या नाहीत, अन् उस्तादांचा माल थांबला नाय. आता उस्ताद नाहीत. भाकर आता खानावळीचाच टेम्पो येऊन नेतो. लोक उस्तादांचं नाव काढतात तवा एकेक आठवतो, कुणी ती चप्पल, कुणी रिकाम्या गाडीचं. मला त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवती, पहिल्यांदा चावी मागायला आले तवाची.

परात धुऊन म्या टोपली भरत व्हते. दारात सावली पडली. उस्ताद उभे. लेकीनं सकाळीच त्यांना पुन्हा कोटात घातलेलं, गळ्यापतोर चेन लावलेली, अन् वर ताकीद दिलेली की काढायचा नाय. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, भाडेकरणीच्या उंबऱ्यात हात पुढं करून उभा. नजर माझ्याकडं नाय, टोपलीकडं.

"लोड हुआ?"

"हुआ."

"चाबी दे."

म्या चावी कनवटीतून काढली, मुठीत धरली, अन् त्यांना दिसंल असे ओठ हलवून म्हणलं, "आधी कोट काढा."

त्यांनी वर जिन्याकडं बघितलं, लेक हाय का म्हणून. मंग चेन खाली ओढली.